ग्रीक दूताची सात मिनिटं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्राचीन ग्रीक संस्कृतीचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी निधन झाल्याची जी वार्ता सर्वत्र पसरली आहे, ती निव्वळ अफवा आहे. रुग्णाची नाडी आम्ही स्वतः पाहिली आहे. श्वास नियमित आहे, रंग बरा आहे, आणि मुक्काम आयर्लंडच्या पश्चिमेला कासलबार गावी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आहे. भेटीस येणाऱ्यांनी ओल्या छत्र्या बाहेरच ठेवाव्यात.

हे पत्रक काढणारा मी त्याच गावातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवणं हा माझा व्यवसाय. नाटकं करणं हा छंद. माझी नाटकं बघितलेले मित्र म्हणतात की दोन्हींत मी फारसा फरक ठेवलेला नाही. मत्सर, दुसरं काय.

आता एका डॉक्टरला ग्रीकांचं एवढं का पडलंय, असं कुणी विचारेल. अहो, आम्ही दिवसभर ग्रीकच बोलतो. कुणाचं पोट दुखो, सांधा दुखो, डोकं दुखो, त्या दुखण्याला आम्ही जे भारदस्त नाव देतो ते बहुधा ग्रीकांकडून उसनं आणलेलं असतं. माझ्या विषयाचं नावच, ॲनेस्थेशिया, ग्रीक आहे. अर्थ एवढाच की काही न जाणवणं. डॉक्टरी पदवी घेताना जी शपथ घेतात तीही त्यांचीच, आणि काठीला विळखा घालून बसलेला तो साप, तोही त्यांच्याच देवळातून निघून आमच्या बिल्ल्यावर येऊन बसला. पण माझ्या डोक्यात ग्रीक शिरले ते या दाराने नाही. ते शिरले नाटकाच्या दाराने, मिरजेला मेडिकलला असताना.

तिसऱ्या वर्षाला असताना एक नाट्यशिबिर झालं होतं. पुण्याहून एक दाढीवाले मास्तर आले होते. ते आम्हाला कॉलेजमागच्या टेकाडावर घेऊन गेले, उतारावर बसवलं, स्वतः खाली सपाटीवर उभे राहिले आणि म्हणाले, हे झालं ग्रीक नाट्यगृह. बाकी सगळं नंतर लोकांनी वाढवलं. मग त्यांनी सांगितलं, की अडीच हजार वर्षांपूर्वी ती माणसं डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांवर बसून भर उन्हात नाटकं बघायची. नट मुखवटे घालायचे. दहा-पंधरा जणांचा वृंद एकसुरात बोलायचा, नाचायचा. आणि रंगमंचावर कुणाला मारायचं नाही, असा तिथला रिवाज होता. मरण आत, दाराआड. बाहेर ऐकू येणार फक्त किंकाळी. मग एक दूत धावत येणार आणि आत काय घडलं ते सांगणार. मास्तर म्हणाले, ते सांगणं एवढं जबर असायचं की लोकांना वाटायचं आपण ते डोळ्यांनी पाहिलं. संस्कृत नाटकवालेही रंगमंचावर मरण दाखवायला नाखूशच असायचे, आणि पडद्याला आपण यवनिका म्हणतो तो शब्दही यवनांवरून, म्हणजे ग्रीकांवरून आला असं काही पंडित मानतात, काही मानत नाहीत. मास्तर मानायचे. म्हणून मीही मानतो.

ते टेकाड अजून डोळ्यांपुढे आहे. गवत टोचायचं, खालून मास्तर बोलायचे आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द न शब्द पोचायचा. आम्ही एकवीस वर्षांचे होतो. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत आपण ग्रीक नाटक करायचं असं मी तिथंच ठरवलं. मग परीक्षा आल्या, इंटर्नशिप आली, लग्न आलं, आयर्लंड आलं. ग्रीक नाटक राहिलं ते राहिलंच. पंचवीस वर्षं.

इथे आमच्या मराठी मंडळाची ओळख करून द्यायला हवी. स्लायगोपासून कासलबारपर्यंत आणि थोडी खाली, अशी आमची तीसेक मराठी घरं. बहुतेक डॉक्टरांची. डब्लिनला आयटीवाले असतात. त्यांचा गणपती मोठा, हॉल मोठा, ढोल-पथकाला गणवेशसुद्धा. आमच्याकडे ढोल एक, आणि तो वाजवणारा हमखास ऑन-कॉल. दरवर्षी गणपतीच्या शनिवारी दुपारी आम्ही चर्चच्या मागचा हॉल घ्यायचो. आरती, जेवण, लहान मुलांचे नाच, आणि मोठ्यांनी म्हटलेली तीच ती चार गाणी. पाच वर्षांपूर्वी, त्या चार गाण्यांना कंटाळून, मी कमिटीच्या बैठकीत ग्रीक नाटकाचा प्रस्ताव मांडला. अध्यक्ष होत्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्याच स्वयंपाकघरात बैठक होती. त्यांनी विचारलं, गाणी किती. मी म्हटलं, एकही नाही. विनोद? तोही नाही.

"मग शेवटी होतं काय?"

"राजा मरतो."

"गणपतीत?"

तरी प्रस्ताव पास झाला, कारण कुणालाही चार गाण्यांची तालीम करायची नव्हती. नाटक मी स्वतःच लिहिलं. ग्रीक साचा, माल आपला. एक राजा गावाची विहीर स्वतःच्या नावावर करून घेतो, तिच्याभोवती भिंत घालतो. गाव तहानतं. एक म्हातारी बजावते, देवता बजावते, वृंद बजावतो. राजा ऐकत नाही आणि शेवटी त्याच विहिरीत पडून मरतो. आत, दाराआड. मग दूत येतो आणि सात मिनिटांत सगळं सांगतो. त्या सात मिनिटांसाठीच मी बाकीचं नाटक लिहिलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

राजाचं काम नागपूरच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी घेतलं. घेतलं म्हणजे, मी संहिता उघडायच्या आतच ते राजा होऊन बसले होते. साडेसहा फुटांचा माणूस, आवाज असा की वॉर्डात कुजबुजले तरी पार्किंगपर्यंत ऐकू जावं. मरण दाराआड आहे हे कळल्यावर ते दुखावले. "म्हणजे मी मरणार आणि कुणी बघणार नाही? मग मरू कशाला यार?" मी त्यांना किंकाळी देऊ केली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि किंकाळीवर समाधान मानलं, एका अटीवर. ती कशी मारायची हे ते ठरवतील, आणि तालमीत ती मारणार नाहीत. घसा प्रयोगासाठी जपायचा. त्यामुळे प्रत्येक तालमीत त्या जागी ते फक्त बोट वर करून म्हणायचे, "इथे किंकाळी." आणि आम्ही पुढे जायचो. ही माझी दिग्दर्शनातली घोडचूक. पण तेव्हा ती चूक वाटली नव्हती, सोय वाटली होती.

वृंदात सहा जण होते, सगळे ज्युनिअर डॉक्टर. मला वृंद समजावून सांगावा लागला नाही. राउंडवर मोठ्या डॉक्टरांच्या मागे उभं राहायचं, सगळं बघायचं, हळहळायचं, आणि करायचं काही नाही. हे काम ते रोजच करत होते. फक्त सहाही जण एका तालमीला कधी जमले नाहीत. ड्युटीचा तक्ता आला की अर्धा वृंद गळायचा. मुखवटे केकच्या खोक्यांचे केले. चष्मेवाल्यांना ते बसेनात, म्हणून चष्म्यावरून दोऱ्याने बांधले. ग्रीक पोशाखासाठी घरोघरच्या आजोबांनी येताना आणलेली धोतरं गोळा केली. न शिवलेलं पांढरं कापड, खांद्यावर एक निरी. बघणाऱ्याला अथेन्स आणि आटपाडी यांतला फरक सांगता आला नसता.

आणि दूत? दूत होते स्लायगोचे एक मूत्ररोगतज्ज्ञ. सुरेख आवाज, स्वच्छ उच्चार. ते फोनवर तालीम करायचे. मी फोन स्पीकरवर टाकून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचो आणि समोर संहिता घेऊन बसायचो. प्रयोगाला तीन आठवडे असताना त्यांचा फोन आला की त्या शनिवारी त्यांच्यावर ड्युटी आलीय आणि बदलायला कुणी नाही. मी फोन ठेवला आणि डोकं धरून बसलो. सात मिनिटांचं भाषण, तीन आठवडे, आणि मंडळात ज्यांची जीभ मराठीत सात मिनिटं न अडखळता चालेल अशी माणसं आधीच वृंदात किंवा राजवाड्यात.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. सांगलीहून, तीन महिन्यांसाठी. ओट्याशी उभी राहून मटार सोलत होती. मी अजून डोकं धरूनच होतो तेव्हा माझ्या पाठीमागून दूताचं भाषण सुरू झालं. पहिल्या ओळीपासून. मटार सोलणं चालूच, शेंगा एकीकडे, दाणे एकीकडे, आणि मधे राजा विहिरीच्या काठाशी येतोय, वाकतोय, पाण्यात स्वतःचं तोंड बघतोय. फोनवरच्या तालमी ऐकून ऐकून तिचं सगळं पाठ झालं होतं. राजाच्या वहाणा काठावर राहतात, त्या कुणी उचलायच्या यावरून दोन पहारेकरी एकमेकांकडे बघतात, अशी एक जागा आहे. तिथे तिने मटाराची शेंग हातात तशीच धरून ठेवली आणि थांबली. मूत्ररोगतज्ज्ञ तिथे कधी थांबले नव्हते. तिथे थांबायचं असतं हे लिहिणाऱ्याला, म्हणजे मलाही, तोवर माहीत नव्हतं.

मी म्हटलं, आई, तू करशील का? ती म्हणाली, "करतो की." आमच्याकडे, सांगली-कोल्हापूरच्या बाजूला, बायका स्वतःबद्दल असंच बोलतात: मी जातो, मी येतो. दूत पुरुष होता, त्यामुळे भाषणाला हात लावायचीसुद्धा गरज नव्हती.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. मला माहीत होतं की सांगलीचा माणूस नाटकाचं नाव काढल्याशिवाय जेवत नाही; पण आई कधी रंगमंचावर गेली होती, हे मला माहीत नव्हतं. खरं तर ती गेलीच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या गॅदरिंगला तीन अंकी नाटक होतं. तिला एक प्रवेश होता, दुसऱ्या अंकात. दोन महिने तालीम झाली. प्रयोगाच्या दिवशी तोंडाला रंग लावून, गजरा माळून ती विंगेत उभी राहिली. आणि नायकाने दोन पानं उडवली. घाबरला, पुढचं वाक्य आठवलं ते म्हटलं, आणि ते वाक्य होतं आईच्या प्रवेशानंतरचं. नाटक तिला ओलांडून पुढे गेलं. ती तिसरा अंक संपेपर्यंत विंगेत उभी राहिली, कारण तिला वाटत होतं की कुणीतरी मागे वळेल. मग नळावर तोंड धुऊन घरी गेली. तिच्या आईने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, चांगलं झालं.

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मटार संपत आले होते आणि ती शेंगांमधून राहिलेले दाणे शोधत होती. पण मी तिथेच, ओट्याला टेकून, तिला शब्द दिला की यावेळी तुझा प्रवेश गळणार नाही. ती म्हणाली बघू.

ते तीन आठवडे आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते असं आज वाटतं. सप्टेंबर असूनही ऊन पडत होतं, हीच मुळात इकडे बातमी. आई सकाळी आमच्या मेयो जिल्ह्याचा स्थानिक रेडिओ लावायची. आमच्याकडे रेडिओवर रोज सकाळी परिसरात कोण वारलं त्याची यादी वाचतात. नाव, गाव, अंत्यविधी कधी, चहापाणी कुठे. तिला इंग्रजी पुरेसं कळायचं नाही, पण तो वाचणारा माणूस तिला फार आवडायचा. म्हणायची, त्याला घाई नाही बघ. प्रत्येक माणसाला तो सारखाच वेळ देतो. आणि तिने दूताची लय त्या माणसाकडून उचलली. अथेन्समधून निघालेला दूत, मेयोच्या रेडिओवरून, सांगलीच्या बाईच्या तोंडात. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची; मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत देते. ती संहिता धरून आजीची तालीम घ्यायची. मी मधे बोललो की म्हणायची, आजी ग्रँड आहे, बाबा, तुम्हीच तिला गोंधळात टाकता. ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ठीक. आई इथल्या लोकांसारखं कपाटाला 'प्रेस' म्हणायला शिकली आणि चहाचा डबा प्रेसमध्ये ठेवलाय असं बायकोला फोन करून सांगायला लागली. सांगलीला परतीचं तिकीट प्रयोगानंतरच्या मंगळवारचं होतं. गुडघ्यांमुळे पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. म्हणजे रंगमंच जो काही मिळायचा तो त्या शनिवारीच.

शनिवारी हॉल भरला. सत्तरेक माणसं. त्यांतले तीस तरी डॉक्टर आणि नर्स, काही इथलेही, आमच्याबरोबर काम करणारे, 'काय क्रॅक', म्हणजे गंमत, 'असेल ते बघू' म्हणून आलेले. हॉल सांभाळणारे एक म्हातारे आयरिश काका होते. त्यांनी शाळेतली पितळी घंटा आणून दिली होती आणि सांगितलं होतं की सहाला बिंगो आहे, साडेपाचला हॉल रिकामा पाहिजे. गणपतीची आरती लांबली, जेवण लांबलं, लहान मुलांचा नाच दोनदा झाला कारण पहिल्यांदा गाणं अडकलं. तिसरी घंटा दिली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मी नारळ फोडला. ग्रीक लोक नाटकाआधी बोकड कापायचे म्हणतात. काकांनी नारळालाच डोळे मोठे केले.

आणि नाटक चाललं. खरंच चाललं. वृंदातले पाच जण हजर होते, सहावा अर्ध्यात आला आणि मुखवट्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी उजव्या विंगेत होतो. आई डाव्या विंगेत, पाठीवर घोंगडी, हातात काठी, कपाळावर राख. इकडून मला ती दिसत होती. ती हलत नव्हती, ओठही हलत नव्हते. राजा रुबाबात आत गेला. वृंदाने शेवटचं बजावलं. शांतता.

आणि आतून किंकाळी आली.

मी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात काढलंय. मला आवाज कळतात. ती नाटकातली किंकाळी नव्हती. ती सुरू झाली खाली कुठेतरी, पोटात, मग वर चढली, मधे फाटली, आणि त्यापाठोपाठ धाड असा आवाज झाला. नंतर कळलं की राजेसाहेबांनी परिणामासाठी अंग टाकून दिलं होतं आणि ते मागे रचून ठेवलेल्या खुर्च्यांवर जाऊन पडले होते. खुर्च्या कोसळल्या. मग काहीच ऐकू आलं नाही.

पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते आणि अजून हसू येतं. प्रेक्षकांतून तीस माणसं एका वेळी उठली. कुणी कुणाला काही बोललं नाही. कुणी मांडीवरचं मूल शेजारणीकडे दिलं, कुणी चपला काढून पळालं, आणि सगळे पायऱ्या चढून, रंगमंचावरून, वृंदाच्या मधून, दाराआड गेले. वृंदही गेला, मुखवट्यांसकट. शेवटी तेही डॉक्टरच. अडीच हजार वर्षांत ग्रीकांच्या कुठल्याही प्रेक्षकाने किंकाळी ऐकून राजाला वाचवायचा प्रयत्न केला नसेल. आमच्या प्रेक्षकांनी केला. आणि सगळ्यांत आधी पोचलो मी. ती किंकाळी मीच लिहिली होती. तरी मी राजाच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्याचा जबडा वर उचलून धरला होता, श्वास मोकळा राहावा म्हणून.

राजा म्हणत होता, मला काही झालेलं नाही. सगळेच असं म्हणतात, हाडांचे डॉक्टर म्हणाले, आणि मान हलवू नका. कुणी नाडी धरली, कुणी पाय वर उचलले, मंडळाच्या अध्यक्षबाई, लहान मुलांच्या डॉक्टर, त्याला विचारत होत्या की कशाची ॲलर्जी आहे का. दोन आयरिश नर्सनी धोतर सोडायला घेतलं. तेवढ्यात हॉलचे काका बाहेरच्या पिवळ्या पेटीतलं, हृदयाला झटका द्यायचं यंत्र घेऊन धापा टाकत आले, आणि ते बघितल्याबरोबर राजा ताडकन उठून बसला. "अरे अभिनय होता," तो ओरडला. "अभिनय, यार."

आधी कुणाला पटेना. मग एकाला हसू फुटलं, मग सगळ्यांना. एवढं हसलो की दोघांना खुर्चीत बसवावं लागलं. मी डोळे पुसत विंगेतून रंगमंचाकडे बघितलं.

आई तिथे उभी होती. रंगमंचाच्या मधोमध, एकटी. किंकाळीनंतर तीन आकडे मोजायचे आणि यायचं असं ठरलं होतं. तिने मोजले असतील आणि ती आली होती. समोर जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. काही मुलं, काही सासवा, माझी मुलगी पहिल्या रांगेत संहिता घेऊन. आई समोर बघत होती. बोलायला तोंड उघडलं नव्हतं, पण हललीही नव्हती.

मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. अजून वृंदाचं शेवटचं बोलणं, देवता, राजाच्या मुलाचा प्रवेश, आभार, खुर्च्या आवरणं. माझ्या डोक्यात दिग्दर्शक जागा झाला. दिग्दर्शकाला हिशेब लगेच जमतो: जे घडून गेलं ते सांगणारं भाषण हे गाळायला सगळ्यांत सोपं. राजा मेला हे लोकांना कळलंय. मेला नाही हेही कळलंय. थेट वृंदावर जायचं. मी विंगेतून हळूच म्हटलं, आई, आत ये. आपण इथून पुढे जाऊ. तिने मान वळवली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी थोडं मोठ्याने सांगितलं, वेळ नाही, तुझा प्रवेश सोडू, नंतर घरी करू. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडताना मी ते ऐकलं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी काय शब्द दिला होता तेही त्याच क्षणी ऐकलं, पण तोंड बंद करायला उशीर झाला होता.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एकोणिसाव्या वर्षी विंगेत उभी असताना ती अशीच बघत असणार, कुणी मागे वळतंय का ते.

आणि त्याच वेळी माझ्या मागून डॉक्टर मंडळी बाहेर यायला लागली. हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, मुखवटे कपाळावर चढवून, रंगमंचावरूनच, आईच्या समोरून, जणू ती तिथे नव्हतीच. कुणी म्हणालं चहा झालाय का. कुणी म्हणालं राजाला आधी पाणी द्या. हाडांचे डॉक्टर तिच्या काठीला अडखळले आणि सॉरी काकू म्हणून पुढे गेले. मी पुढे व्हायला हवं होतं. मी तिथेच उभा होतो, पडद्याची दोरी हातात धरून.

आईने काठी दोनदा फळ्यांवर आपटली. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की काकांच्या हातातल्या यंत्राची शिट्टी ऐकू आली. मग ती बोलली. ते वाक्य संहितेत नव्हतं, तालमीत कधी नव्हतं, आणि तिने ते ना ग्रीकांना विचारून म्हटलं, ना मला:

"बसा की गप सगळे आपापल्या जागेवर. मेलाय तो, आणि कसा मेला ते मी बघून आलोय."